रोल-प्लेइंग खेळात पार्श्वसंगीत कसे वापरावे

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात सगळा कारभार बोलण्यावर चालतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात, निकाल अधांतरी असला की वीस बाजूंचा फासा टाकला जातो आणि कथा पुढे सरकते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून नियमांच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, पण ही बोलण्याची चौकट बदललेली नाही. म्हणून संगीताचा विचार करताना पहिला प्रश्न बोलणे नीट ऐकू येईल का, हा असतो. कोणती धून लावावी, हे त्यानंतर.

तळकोकणात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर घराजवळच सापडते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. त्याची संहिता लिहिलेली नसते. आख्यान कोणते आणि कोण कोणते पात्र करणार एवढे ठरते. संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ असते. म्हणजे समोर काय बोलले जाणार हे वादकालाही आधी ठाऊक नसते, आणि तरीही राजाचा प्रवेश, राक्षसाची आरोळी, युद्धाचा नाच यांतले काहीही ताल चुकून होत नाही. आमच्या शेजारी एक काका आहेत, ते बरीच वर्षे एका दशावतारी कंपनीत मृदंगाला बसत असत. हे कसे जमते असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय संपवला: “नट बोलाक लागलो की आमचो हात मांडयेर.” पुढे जे काही लिहिले आहे, त्याचा बराचसा भाग या वाक्याचाच विस्तार आहे.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. कुडाळच्या घरी पडवीत आमचा खेळ चालतो. पहिल्यांदा संगीत लावले तेव्हा मोठ्या वाद्यवृंदाची एक भरघोस धून निवडली होती, स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवला होता, आणि बाहेर आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत होता. पडक्या किल्ल्याच्या दरवाजाचे वर्णन मी मोठ्या हौसेने सांगत होतो. ते संपल्यावर माझा आतेभाऊ शांतपणे म्हणाला, “आदी तां बंद कर रे, माका कायच ऐकाक येना नाय.” दरवाजावर कोरलेला इशारा त्यामुळे कोणालाच कळला नव्हता आणि दोन पात्रे त्या सापळ्यात पडली. दोष पावसाचा नव्हता.

आवाज किती आणि कुठून

साधे संभाषण एक मीटर अंतरावरून सुमारे ६० डेसिबल भरते. संगीत त्यापेक्षा निदान १५ डेसिबल खाली राहिले, तर बोलणे समजून घेण्यासाठी कानाला कष्ट पडत नाहीत. मोबाईलवर आवाज मोजणारी ॲप मिळतात आणि अंदाजापुरती ती ठीक आहेत, पण त्याहून भरवशाची परीक्षा अशी: खेळ सुरू होण्यापूर्वी संगीत लावावे, सूत्रधारापासून सर्वांत लांब असलेल्या खुर्चीवर स्वतः बसावे, आणि दुसऱ्या कोणाला तरी सूत्रधाराच्या जागेवरून वर्तमानपत्रातली एखादी अनोळखी बातमी नेहमीच्या आवाजात वाचायला सांगावी. एकही शब्द दुसऱ्यांदा विचारावा लागला, तर आवाज कमी करावा. पहिल्या दहा मिनिटांनंतर संगीत जवळजवळ ऐकू येत नाही असे वाटू लागले तर ते योग्य पातळीवर आहे, असे मी धरून चालतो.

स्पीकरची जागा आवाजाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. बोलणारा माणूस आणि संगीत एकाच दिशेने आले की कानाला ते वेगळे काढणे जड जाते. दिशा निराळ्या असल्या तर तेच काम सोपे होते. त्यामुळे स्पीकर सूत्रधाराच्या शेजारी ठेवू नये आणि टेबलावर तर मुळीच ठेवू नये. आमच्याकडे तो पडवीच्या कोपऱ्यात, खेळाडूंच्या बाजूला, भाताच्या कणगीशेजारच्या स्टुलावर, खाली चौपदरी चादर घालून ठेवलेला असतो. चादर नसेल तर खालच्या पट्टीतले स्वर स्टुलाच्या फळीत घुमतात. स्पीकरला किंवा ॲपला इक्वलायझर, म्हणजे निरनिराळ्या उंचीचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय, असेल, तर २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली ओढावा. स, त, क, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा आवाज याच भागात आणि त्याच्या आसपास असतो, आणि शब्द कळणे हे स्वरांपेक्षा व्यंजनांवर अधिक अवलंबून असते.

पावसाशी मात्र स्पर्धा करू नये. मंगलोरी कौलांवर पडणारा पाऊस अजून सोसवतो, पण पत्र्याखाली संगीत मोठे करत गेले की माणसे आवाज चढवतात, मग संगीत आणखी मोठे करावे लागते, आणि तासाभरात सर्वांचे घसे बसतात. अशा वेळी संगीत सरळ बंद करावे आणि कथेतही पाऊस पाडावा. आमच्या कॅम्पेनमधली, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेतली, निम्मी वादळे ही अशीच ऐनवेळी आलेली आहेत.

निवड

शब्द असलेले गाणे बोलण्याच्या खेळात चालत नाही. समजणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडले की मन ते आपोआप वाचू लागते आणि समोरच्या माणसाचे वाक्य अर्धवट राहते. न समजणाऱ्या भाषेतले गायन त्यापेक्षा बरे, पण मानवी आवाज लक्ष ओढतोच. ओळखीची चित्रपटधून त्याहून घातक असते, कारण ती आपल्याबरोबर आपला चित्रपट घेऊन येते. खेळाडू तुमच्या अरण्यात असायला हवेत, ते कुठल्याशा थिएटरच्या खुर्चीवर जाऊन बसतात.

आपल्याकडे ज्यांच्या घरात शास्त्रीय संगीत ऐकले जाते, त्यांच्या हाताशी एक मोठा साठा आधीच आहे आणि खेळणारी मंडळी त्याकडे फारशी वळत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. नुसता तानपुरा हे उत्तम पार्श्वसंगीत आहे: त्यात चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत, आणि तरी खोली रिकामी वाटत नाही. तानपुऱ्याची ॲप फुकट मिळतात. पट्टी खालची ठेवली तर तोच आवाज गंभीर होतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे तबला सुरू होण्यापूर्वीची आलापी, आणि तीही सरोद, बासरी किंवा रुद्रवीणेवरची. रागांना जोडलेल्या वेळा इथे फार उपयोगी पडतात. मारवा हा सूर्यास्ताचा राग आहे, त्यात पंचम वर्ज्य आहे आणि गायक-वादक षड्जावर टेकणेही लांबवत राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठेच पाय ठेवायला जागा मिळत नाही. संध्याकाळी गाव जवळ येत नाही, वाट चुकल्याची शंका येते, अशा प्रसंगाला यासारखे दुसरे काही नाही. मालकंसात रिषभ आणि पंचम नसतात, तो उत्तररात्रीचा राग आहे, आणि तो रात्री गायला की भुते ऐकायला येतात अशी समजूत जुन्या लोकांत आहे. ही समजूत खेळाडूंना आधीच सांगून ठेवावी आणि मग काही महिन्यांनी तो राग लावावा. पहाटे तळावर जाग आली की भैरव. यात रागदारीचे ज्ञान असण्याची गरज नाही, रागाचे नाव शोधून वाद्यावरची आलापी निवडता आली तरी पुरे.

एक गोष्ट मी टाळतो. शिमग्याच्या पालखीचे ढोल, देवळातली नौबत, गणपतीतली भजने हे आवाज माझ्या मोबाईलमध्ये आहेत आणि ऐकायला थरारकही आहेत, पण राक्षसाच्या लढाईला ते लावत नाही. आतल्या खोलीत आजी असते, आणि तिच्यासाठी तो आवाज देवाचा असतो. लढाईसाठी पखवाजाचे एकल वादन मिळते, तेवढ्याने काम भागते.

निसर्गाचे आवाज विकत घेण्याचे किंवा परदेशी संग्रहातून उतरवण्याचे कोकणात तरी काही कारण नाही. समुद्राची गाज, माडाच्या झापांतला वारा, रात्रकिडे, पहिल्या पावसानंतरचे बेडूक हे सारे मोबाईलवर चांगले टिपता येते. किनाऱ्यावर ध्वनिमुद्रण करताना वारा थेट माइकवर आला की नुसता भडभडाट नोंदला जातो, म्हणून पाठ वाऱ्याकडे करून मोबाईल छातीशी धरावा आणि माइकवर पातळ रुमालाचे दोन पदर घालावेत. निदान पाच मिनिटे सलग घ्यावे आणि त्या वेळात तोंडातून शब्द काढू नये. भरतीची आणि ओहोटीची गाज निरनिराळी असते. मी दोन्ही घेऊन ठेवल्या आहेत, आणि गलबत किनाऱ्यापासून किती लांब आहे त्यानुसार बदलतो.

हा तुकडा न तुटता पुन्हा पुन्हा वाजावा यासाठी थोडे संपादन लागते. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरेसे आहे. तुकड्याचे शेवटचे पाच सेकंद कापून ते दुसऱ्या ट्रॅकवर सुरुवातीच्या पाच सेकंदांच्या खाली आणावेत, कापलेला शेवट विरत जाईल आणि सुरुवात उगवत जाईल असे करावे, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र करावेत. असे केले की तुकड्याचा शेवट आणि आरंभ एकमेकांत मिसळतात. फाइल एमपी३ ऐवजी ओजीजी स्वरूपात जतन करावी. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना सूक्ष्म शांतता जोडली जाते, आणि दर पाच मिनिटांनी समुद्र क्षणभर थांबतो. एकदा ते लक्षात आले की खेळाडू त्याचीच वाट पाहत बसतात.

हाताशी काय ठेवावे

सूत्रधाराच्या हातात आधीच पुष्कळ असते: नकाशा, राक्षसांचे आकडे, प्रत्येकाचे राहिलेले बळ. त्यात शंभर गाण्यांची यादी चाळणे शक्य होत नाही. मी सहा फोल्डर ठेवतो आणि त्यांना ठिकाणांची नव्हे, मनःस्थितीची नावे देतो: प्रवास, वस्ती, संशय, लढाई, शोक, गाज. ‘जंगल’ असे नाव दिले की जंगलात लग्न लागले तर काय लावावे, हा प्रश्न पडतो. ‘वस्ती’ला तो पडत नाही. प्रत्येकात चार-पाच तुकड्यांपेक्षा जास्त नसावेत.

सगळे तुकडे मोबाईलमध्ये उतरवून घ्यावेत. इंटरनेटवरून थेट वाजवण्याच्या फुकट सेवा मध्येच जाहिरात लावतात, आणि राणी प्राण सोडत असताना साबणाची जाहिरात लागणे हा अनुभव एकदाच पुरतो. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढे चालू ठेवावे. स्पीकर बॅटरीवर चालणारा असावा, कारण पावसाळ्यात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो. खरे सांगायचे तर आमच्या सर्वांत चांगल्या रात्री लाइट गेल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात झालेल्या आहेत. अचानक एखादा आवाज, म्हणजे दार आदळणे किंवा आरोळी, बोलण्याबरोबर नेमका यायला हवा असेल, तर त्यासाठी वायर लावावी. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. संथ संगीतात ते कळत नाही, पण आरोळीत लगेच कळते.

टेबलापाशी

आता काकांच्या वाक्याकडे परत यायला हरकत नाही. दशावतारात साथ कुठे वाजते ते पाहावे: पात्राच्या प्रवेशाला, पदाला, युद्धाला, आणि संवादातल्या एखाद्या ठसक्याला पावती म्हणून. उरलेल्या वेळी वादक नटाकडे पाहत बसलेले असतात. सूत्रधारानेही हेच करावे. नवे ठिकाण आले की संगीत आधी सुरू करावे, दोन-तीन श्वास ते एकटे वाजू द्यावे, मग वर्णनाला सुरुवात करावी आणि बोलता बोलता आवाज खाली आणावा. खेळाडू पात्राच्या तोंडून आपापसांत बोलू लागले, विशेषतः भांडू लागले किंवा एकमेकांना काही कबूल करू लागले, की संगीत पूर्ण काढून घ्यावे. ते काढताना बटण एकदम दाबू नये. चार-पाच सेकंदांत हळूहळू विरू द्यावे. अचानक थांबलेले संगीत हा स्वतःच एक आवाज असतो, आणि तो राखून ठेवावा. एखाद्या दालनात शिरताना सतत चालू असलेली गाज एका क्षणात बंद करून काहीही न बोलता बसलो, तर खेळाडू विचारतात, “काय झाले?” त्यांना काय झाले ते अजून सांगितलेले नसते.

लढाईत बहुतेकांची गफलत होते. कथेतली चार फेऱ्यांची लढाई अर्ध्या मिनिटाची असते, पण टेबलावर ती पाऊण तास ते एक तास चालते, कारण प्रत्येक जण विचार करतो, फासे टाकतो, बेरीज करतो आणि नियम तपासतो. एवढा वेळ द्रुत लयीचे, जोरकस संगीत वाजत राहिले तर कान थकतात आणि धोका वाटेनासा होतो. वरून प्रत्येक बेरीज ओरडून सांगावी लागते. म्हणून जोरकस तुकडा पहिल्या फेरीपुरता लावावा. दुसऱ्या फेरीपासून नुसता ठेका किंवा नुसता तानपुरा ठेवावा, आणि कोणी मरणाच्या दारात पोचले, नवा शत्रू आला किंवा पळून जायचे ठरले, की पुन्हा वर आणावे. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून लढाया लवकर संपत नाहीत, पण लांब वाटत नाहीत.

एखाद्या पात्राला स्वतःची धून देणे हे पार्श्वसंगीताचे सर्वांत नाजूक काम आहे आणि त्याला खर्च काहीच येत नाही. आमच्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये एक गिऱ्हा आहे. आपल्याकडच्या गोष्टींत तो खाडीत, पाण्याकाठी माणसाला भुलवणारा असतो. मी त्याला बंदरातल्या एका दलालाचे रूप दिले. त्याच्यासाठी घरच्या पेटीवर चार स्वर वाजवून मोबाईलवर घेतले: सा, कोमल रे, कोमल ग, पुन्हा कोमल रे, आणि सा वर न परतता सोडून दिले. पहिल्यांदा तो दलाल भेटला तेव्हा ते स्वर वाजले, दुसऱ्यांदा त्याने कर्ज दिले तेव्हा वाजले. त्यानंतर दोन महिन्यांनी, गलबत सुखरूप समुद्रात असताना, सगळे जेवणाची चर्चा करत असताना, गाजेच्या मागून ते चार स्वर अगदी हलके सोडले. टेबलावरचे बोलणे एकेक करत थांबले. मी एक शब्दही उच्चारला नव्हता. अशी धून चार-पाच स्वरांपेक्षा मोठी असू नये, दुसऱ्या कशासाठी वापरू नये, आणि पहिल्या दोन वेळा ती पात्राच्या उपस्थितीतच वाजावी; नाहीतर जोडणीच बसत नाही.

पहिल्याच बैठकीत सर्वांना विचारून घ्यावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला मागचा आवाज पुढच्या बोलण्यात मिसळून ऐकू येतो, आणि काही जणांना सततच्या आवाजात लक्ष एकाग्र करता येत नाही. एकाने नको म्हटले तर नको. प्रवेशापुरते संगीत ठेवून बाकी वेळ शांतता ठेवण्याची तडजोड बहुधा सर्वांना मानवते.

मंडळी मुंबई-पुण्याला पांगली आणि खेळ डिस्कॉर्डवर, म्हणजे इंटरनेटवरून गटाने बोलण्याच्या ॲपवर, गेला, की काही गोष्टी बदलतात. गोंगाट दाबण्याची सोय चालू असेल तर ती संगीतालाही गोंगाट समजून चिरडते, म्हणून माइकमधून संगीत पाठवू नये. ते स्वतंत्र बॉटमधून (तिथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममधून) किंवा स्वतंत्र खात्यातून द्यावे, म्हणजे प्रत्येकाला त्याचा आवाज आपल्यापुरता कमी-जास्त करता येतो. यूट्यूबवरून संगीत उचलणारे दोन लोकप्रिय बॉट २०२१ मध्ये बंद झाले, त्यामुळे आपल्या फाइल आपल्याजवळ असणे इथेही सोयीचे. घरातल्या घरात खेळताना कोणतेही संगीत लावले तरी कोणी विचारत नाही, पण खेळ रेकॉर्ड करून लोकांसमोर मांडायचा असेल तर हक्कांचा प्रश्न येतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि चालीचा व शब्दांचा हक्क त्याहून वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे कर्त्याने आपणहून इतरांना वापरू देण्याच्या परवान्याचे संगीत, कर्त्याचे नाव देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून वापरता येते. स्वतः टिपलेल्या गाजेला कोणाचीच परवानगी लागत नाही.

खेळ संपला की काय वाजले आणि काय फुकट गेले हे मी वहीत दोन ओळींत लिहून ठेवतो. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: “मारवा वीस मिनिटे, जास्त झाला. लढाईत दुसऱ्या फेरीला ठेका कमी करायला विसरलो. गाज ओहोटीची लावली, गलबत खोल समुद्रात होते. कोणाच्या लक्षात आले नाही, आतेभाऊ सोडून.”